नवा खुबा आणि माझी जोडी

गुडघ्याला तेल चोळण्यात माझं वर्ष गेलं. दुखत होता गुडघा आणि गेला होता खुबा. ही गोष्ट मला वेळेवर कोणी सांगितली नाही, म्हणून आधी तीच लिहिते. चालताना गुडघ्यात कळ येत असेल, जांघेत ओढल्यासारखं होत असेल, चप्पल घालायला पाय वर येत नसेल, तर लेप लावत बसू नका. खुब्याचा फोटो काढा.

मी हसनाबादकडची. चौथी शिकलेली. दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आजी, दुसऱ्या पेशंटना धीर येईल असं काहीतरी लिहा." धीर येईल का ते मला माहीत नाही. जे झालं ते लिहिते.

मी पटात जोडी हाकते. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. दोन बैल, मागे हलका छकडा, त्यावर एक माणूस. त्याला धुरकरी म्हणतात. धुरकरी छकड्यावर उकिडवा बसतो, पुढे झुकतो, आणि झेंडी पडली की जोडी वाकडी न जाऊ देता शेवटापर्यंत नेतो. लहानपणी बापाचे बैल मी फिरवले, लग्नानंतर नवऱ्याचे. पटात मात्र नवराच बसायचा. मध्ये बरीच वर्षं पट बंद होते. परत सुरू झाले तोवर नवरा वारला होता आणि गोठ्यात मोऱ्या आणि खंड्या होते, माझ्याच आवाजावर वाढलेले. एका गावानं बायांच्या जोड्या पळवायच्या ठरवल्या, तिथं मी पहिल्यांदा बसले. नंतर पुरुषांच्यातही बसले. "साठी उलटल्यावर हिला काय सुचलं," असं लोक म्हणाले. सुचलं आधीच होतं. बसायला मिळालं उशिरा.

फोटो

जालन्याच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. मुलगा दत्ता सोबत होता. "हा तुमचा उजवा खुबा, बघा, गोल आहे. हा डावा." डाव्याचा गोळा चपटा झाला होता, उंदरानं एका बाजूनं कुरतडलेल्या सुपारीसारखा. डॉक्टर म्हणाले, "बदलावा लागेल. पर्याय नाही."

मी विचारलं, "मंग उकिडवं बसता येईल का?"

"उकिडवं कशाला बसता? घरात कमोड बसवून घ्या."

मी परत विचारलं. त्यांनी परत कमोडच सांगितला. पुढचे कितीतरी महिने हेच झालं. मी उकिडवं बसायचं विचारलं की शिकलेली माणसं मला संडासाबद्दल सांगायची.

दत्ताला मात्र बराबर कळलं होतं मी काय विचारते आहे. तो खाली बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "माय, सरलं आता हे. पट-बिट सोडून दे."

"डॉक्टरनं पटाचं नाव तरी घेतलं का?"

"तू घेतलं का?"

मी घेतलं नव्हतं. म्हातारी बाई बैल पळवते असं सांगितलं असतं तर त्यांनी बिलकुल नाही म्हटलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

घरी माझे दीर नामदेव आले. ते स्पष्ट बोलतात, मीही बोलते. म्हणाले, "वहिनी, बैलाचा खुबा सरकला तर आपण काय करतो?"

"तुम्ही बाजार दाखवता, भावजी. माझ्या दावणीचा बैल मरेपर्यंत दावणीलाच खातो."

"तेच तर म्हणतो. बसून खा."

ते वाईट बोलले नाहीत. आमच्यात असंच असतं. पण त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक माणूस माझ्याकडे तसंच बघायला लागलं. आणि भावजींचा योगेश रोज सकाळी माझ्या गोठ्यात यायला लागला. "मोठी माय, बैलाला पाय मोकळे करायला नेतो," म्हणायचा. पाय मोकळे करायला छकडा कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. त्याच्या डोळ्यात पट दिसत होता.

हातोडा

ऑपरेशन संभाजीनगरला झालं, उन्हाळ्यात. पाठीत सुई देऊन कंबरेखालचं बधिर करतात. झोपेचं औषध देतात असं सांगितलं होतं, पण मला झोप आली नाही. हातोड्याचे ठोके ऐकू आले. सुतार चाकात आरा ठोकून बसवतो तसे. प्रत्येक ठोक्याला माझं डोकं पलंगावर हलत होतं. भीती वाटली का, तर वाटली. पाय कोणीतरी वर धरला होता आणि तो मला दुसऱ्याच बाईचा वाटत होता.

नंतर दोन पायांच्या मधे एक तिकोनी उशी बांधून ठेवतात. पायावर पाय जाऊ नये म्हणून. कुशीवर वळायचं नाही. सकाळी चहाच्या आधी पोटात सुई. मग बेडपॅन. बेडपॅनबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. त्याचा अपमान जेवढा दुखतो तेवढं ऑपरेशन दुखत नाही. मी जेवण कमी केलं, की बेडपॅन लागू नये. नर्सनं ओळखलं आणि रागावली. तिचं बरोबर होतं. जेवत जा.

शेजारच्या पलंगावर जालन्याच्या एक मारवाडी बाई होत्या. दुसरा खुबा बदलायला आल्या होत्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा म्हणाल्या, "बहनजी, रडायचं तर रडून घ्या. पहिल्या वेळेला मी रडले. या वेळेला डॉक्टरला रडवणार."

"मला रडू येत न्हाई. राग येतो."

"मंग तर तुम्ही जल्दी उठणार." मग म्हणाल्या, "आमच्या घरचा धंदा सळईचा. जालन्यात एवढं लोखंड गळतं, अन् माझ्यात बसवलं ते परदेशी. आमचे हे म्हणतात, घरात माल असताना बाहेरून घेतला!"

हसताना टाके ओढले. जाताना त्यांनी मला त्यांचा लांब दांड्याचा चिमटा दिला. खाली पडलेली वस्तू वाकल्याशिवाय उचलता येते. एवढ्या मोठ्या दवाखान्यात हा चिमटा मला कोणी सांगितला नव्हता. घरी नसेल तर आधी तो घ्या.

खुर्ची

नियम असे होते. वाकायचं नाही. मांडी घालायची नाही. बुटक्या पाटावर बसायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही.

आता आमचं घर बघा. चूल खाली. विळी खाली. न्हाणीत दगड, संडास खाली बसायचा. देव खाली. जेवण खाली. खेड्यातल्या बाईचा सगळा जन्म जमिनीपासून हातभर उंचीवर जातो, आणि मला सांगितलं की त्या उंचीवर आता जायचं नाही.

ओसरीत पडद्याच्या मागे कमोडची खुर्ची आली. भेटायला येणारी बाई आधी त्या पडद्याकडे बघायची, मग माझ्याकडे. भाचीच्या लेकराच्या बारशाला गेले तर सगळी पंगत खाली आणि मी एकटी खुर्चीवर, ताट दुसऱ्या खुर्चीवर. माझ्याहून मोठी माणसं माझ्या पायाशी जेवत होती. एक जण वाढताना म्हणाली, "बरं झालं मावशी, तुमच्या पाया पडायला वाकायची गरज न्हाई." सगळे हसले. मी भात घेतला नाही आणि उठले. उठतानाही दोघींनी काखेत हात घातले.

सून मंदा सगळं करत होती. "आत्याबाई, थांबा, मी देते." पाणी देते, साडी देते, कंगवा देते. मी खेकसायचे. एके दिवशी ती बादली आपटून म्हणाली, "मलाबी कंबर आहे, आत्याबाई. तुमच्यावाणी मला कोणी खुर्ची दिली न्हाई." मग दोघी दिवसभर बोललो नाही. ती बरोबर होती. पण त्या वेळेला मला कोणीच बरोबर वाटत नव्हतं. हे आजारात होतं. होऊ द्या, पण समोरच्याला एकदा तरी सांगा की राग तुझा नाही.

आणि रोज सकाळी अंगणातल्या खुर्चीवरून मी योगेशला जोडी फिरवताना बघायचे. तो शेपटी पिळायचा. मी कधी पिळली नाही. खंड्या त्यामुळे बाहेरच्या अंगाला ओढायला लागला होता. मी ओरडले, "शेपटी सोड! आवाज दे त्याला!"

"मोठी माय, तू खुर्ची सांभाळ, बैल मी सांभाळतो."

दावं

पावसाळा लागला होता. सगळे मिरची तोडायला गेले होते. मी घरी वॉकर घेऊन. गोठ्यातून मोऱ्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर दाव्यात त्याचा पुढचा पाय अडकला होता आणि तो ओढून दावं आणखी आवळत होता. अजून ओढला असता तर पाय गेला असता.

खुंटा जमिनीत असतो. दावं सोडायचं तर वाकावं लागतं. चिमट्यानं गाठ सुटत नाही. मी कोणाला हाका मारायला पाहिजे होत्या. मी वाकले. गाठ सुटली आणि माझ्या कंबरेत खट् झालं. सांगता येणार नाही अशी कळ. पाय आत वळला आणि बुटका झाला. मी शेणात पडले. मोकळ्या झालेल्या मोऱ्यानं पहिलं पाऊल टाकलं ते वॉकरवर. तो चपटा झाला.

शेजारणीनं आरडाओरडा केला. जीपमध्ये आडवं घातलं. संभाजीनगरपर्यंत रस्त्यातला एकेक खड्डा मी नवीन शिवी देऊन ओलांडला. दत्ता पुढे बसला होता, एकदाही मागे वळला नाही.

सांधा निखळला होता. डॉक्टरांनी भूल देऊन जागेवर बसवला. परत चिरावं लागलं नाही. जाग आल्यावर दत्ता पायथ्याशी उभा होता.

"मी बाजूच्या गावच्या पंचाला फोन करून सांगितलं. माघातल्या पटाला जोडी योगेश हाकणार. कायमची."

"जोडी माझी आहे."

"तू पण माझी आहेस ना? का बैलाचीच आहेस?"

तो इतका कधी बोलत नाही.

गुडघा टेकवून

तपासणीच्या दिवशी मी डॉक्टरांना शेवटी सांगितलं. "मला छकड्यावर बसायचंय. उकिडवं."

त्यांना कळेना. मंदा सोबत आली होती. तिनं फोन काढला आणि माझ्या पटाचा व्हिडिओ लावून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो पूर्ण बघितला. परत बघितला.

"ही तुम्ही?"

"मंग कोण?"

"असं बसणं आता आयुष्यभर नाही. परत निखळेल. पडलात तर हाड मोडेल, आणि ते जोडायला फार अवघड जातं. मी हो म्हणणार नाही."

मला वाटलं, सरलं. पण व्यायामाच्या मॅडम तिथंच होत्या. त्यांनी मला आधी एक गोष्ट शिकवली होती: जमिनीवरून उठायचं तर नव्या खुब्याच्या बाजूचा गुडघा टेकवायचा, चांगला पाय पुढे घ्यायचा, पाठ सरळ. त्यात खुबा दुमडत नाही. मी म्हणाले, "असं टेकवून बसले तर?"

त्या डॉक्टरांकडे बघायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "सांध्याला ते चालेल. बैलांचं मी सांगू शकत नाही." यापेक्षा जास्त परवानगी मला मिळाली नाही, आणि हे वाचून कोणी छकड्यावर चढू नका. मला जे जमलं ते तुमच्या हाडाला झेपेलच असं नाही.

पाऊस सरल्यावर मी सुरुवात केली. आधी अंगणात, बैलांशिवाय, छकडा दगडांनी अडवून. डावा गुडघा टेकवायचा, उजवा पाय पुढे, कासरा हातात. समोर बैल नाहीत. रस्त्यानं जाणारी पोरं थांबून बघायची. एक जण म्हणाला, "आजी, तिकीट कुठपर्यंतचं?" मी म्हणाले, "तुझ्या सासरपर्यंतचं."

मग एका म्हाताऱ्या बैलाला गाडीवाटेनं चालत. मग एके सकाळी योगेश यायच्या आधी मी आणि मंदानं मोऱ्या-खंड्याला जुंपलं. मंदानं जू उचललं, मला वाकू दिलं नाही. मी हाक दिली. खंड्यानं कान मागे केले, अंग बाहेर टाकलं, मग परत हाक ऐकली आणि सरळ झाला. चालतच गेलो. पण गेलो.

दत्ताला कळलंच. तो मंदावर ओरडला, माझ्यावर नाही. माझ्याशी तो बोलेनासा झाला. पूर्ण हिवाळा असा गेला. ताट पुढे सरकवायचा आणि उठून जायचा. खुब्यानं मला एवढा त्रास दिला नाही.

शाल

माघात पट होता. दत्ता आदल्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "चल बघायला." एवढंच. मला वाटलं राग उतरला. मी नऊवारी घट्ट नेसले आणि जीपमध्ये पुढे बसले.

पटाच्या जागी पोचलो तर माझं नाव माईकवर. मला वाटलं आमच्या जोडीचा नंबर आला. तर मंडपात बोलावलं. मंडपाच्या पायऱ्यांना कठडा नाही. चढले. माईकवाला सुरू झाला, "आपल्या पंचक्रोशीची वाघीण, आता प्रकृतीमुळं निवृत्त होत असलेल्या आपल्या लाडक्या आजी..." आणि पंचांनी माझ्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. "आजी इथं खुर्चीवर बसून आशीर्वाद देतील आणि जोडी हाकतील त्यांचे पुतणे."

आमच्याकडे माणसाला घरी बसवायचं असलं की आधी त्याचा सत्कार करतात. टाळ्या वाजतात, आणि टाळ्यांच्या आवाजात त्याला नाही म्हणता येत नाही. हे तिघांनी मिळून ठरवलं होतं. पंच, योगेश आणि माझा दत्ता.

मी माईक घेतला. "नारळ घेते. आशीर्वाद देत न्हाई. जोडी माझी, मीच हाकणार."

खाली लोक ओरडायला लागले, काही हसले. पंच कानाशी आले. "आजी, हट्ट करू नका. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"तुमची चालत न्हाई. शेवटाला बैल धरायला घरचं माणूस पाहिजे. धरणारा कोण?"

हे खरं होतं. पळालेली जोडी आपोआप थांबत नाही. दुसऱ्या टोकाला खात्रीचा माणूस लागतो, जो कासरा पकडतो. बैल त्याला ओळखणारे पाहिजेत. योगेश म्हणाला, "मी न्हाई धरत. मोठी माय पडली तर गाव मला बोलंल."

दत्ता मंडपाच्या खांबाला टेकून हाताची घडी घालून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. विनवणी मला येत नाही.

त्यानं घडी सोडली. पटाच्या कडेनं शेवटाकडे चालायला लागला.

मी नारळ पंचांच्या हातात दिला आणि खाली उतरले. गुडघ्याखाली घ्यायचं पोतं घरीच राहिलं होतं, कारण मला बघायला म्हणून आणलं होतं. मी अंगावरची शाल काढली, चौघडी केली आणि छकड्याच्या फळीवर टाकली. डावा गुडघा शालीवर टेकवला. शाल चांगली जाड होती.

झेंडी पडली. पळताना काय वाटतं ते लिहिता येत नाही. गुडघ्यावर बसलं की पुढे झुकता येत नाही, वारा सगळा छातीवर येतो आणि छकडा उडाला की पाठीला कळते. मध्यावर खंड्या बाहेर ओढायला लागला. शेपटी पिळली असती तर चटकन आला असता. मी हाक दिली. एक दिली, परत दिली. तो आला, पण तेवढ्यात वेळ गेला.

आमचा नंबर लागला नाही. आधी लागायचा, या वेळेला नाही. योगेश बसला असता तर कदाचित लागला असता. हेही लिहून टाकते, कारण बरं झालं म्हणजे पहिल्यासारखं झालं असं तुम्हाला जो सांगेल तो खोटं सांगतो. थंडीत खुबा अजून ठणकतो. पंगतीत अजून खुर्ची लागते.

शेवटाला दत्ता मध्ये उभा होता. तो बाजूला झाला, कासऱ्याला झडप घातली आणि बैलांबरोबर फरफटत थोडा गेला. मग बैल थांबले. कडेची चार-पाच माणसं मला उतरवायला धावली, काखेत हात घालायला.

"हात लावू नका," दत्ता ओरडला. "तिची ती उतरंल."

मोऱ्याच्या तोंडाला फेस होता. दत्ता दोन्ही बैलांच्या मध्ये उभा राहिला, कासरा आखडून धरला, आणि माझ्याकडे न बघता बैलांकडे बघत राहिला. मी आधी चांगल्या पायावर भार घेऊन उठले, मग डावा पाय खाली सोडला, जमीन चाचपली, मग उजवा. मला बराच वेळ लागला. तेवढा वेळ त्यानं बैल हलू दिले नाहीत.